टोपी उलटी करून बघा

कोणी दोन रंगांची नक्षी घातलेली लोकरीची टोपी हातात दिली की मी ती आधी उलटी करते. बाहेरच्या चांदण्या, हरणं, नागमोडी पट्टे नंतर बघता येतात. आतल्या बाजूला आडवे मोकळे धागे दिसतात बघा, एका टाक्यातून निघून चार टाके सोडून पुढच्या टाक्यात शिरलेले, त्यांना विणणारे लोक फ्लोट म्हणतात. बऱ्याच जणांना तो नुसता मागचा पसारा वाटतो, पण टोपी ऊब किती देणार आणि डोक्यात शिरणार की नाही हे जवळजवळ सगळं त्या पसाऱ्यावरच ठरतं, म्हणून आज त्याबद्दलच लिहितेय.

आधी हे धागे येतात कुठून ते सांगते. अशा विणीत एका ओळीत दोन रंगांचे धागे एकाच वेळी चालू असतात. नक्षीत निळा टाका असला की निळा विणायचा आणि पांढरा तोवर मागून तसाच पुढे न्यायचा, पांढऱ्याची पाळी आली की उलट. म्हणजे प्रत्येक टाक्याच्या मागून दुसऱ्या रंगाचा धागा जातोच जातो. बाहेरून एक पदर दिसतो पण आत आख्खा दुसरा पदर तयार होत असतो, आणि तो पहिल्याला घट्ट चिकटलेला नसतो, मध्ये बारीक फट राहते.

ऊब त्या फटीत असते. लोकर गरम असते असं आपण सहज म्हणतो पण लोकर काही स्वतः उष्णता तयार करत बसत नाही (एक अपवाद आहे, तो पुढे येईल), ती फक्त हवा धरून ठेवते. स्थिर हवा ही उष्णता वाहून न्यायच्या बाबतीत फार मंद, तिची उष्णतावाहकता साधारण ०.०२५ वॅट प्रति मीटर केल्विन, पाण्याची ०.६ च्या आसपास, म्हणजे पाणी हवेच्या जवळपास २४ पट वेगाने उष्णता पळवतं. लोकरीचा तंतू ज्या केराटिन प्रोटीनचा बनलेला असतो तेही हवेपेक्षा चांगलंच वाहक आहे. अडचण एवढीच की मोकळी हवा स्थिर राहत नाही, गरम झाली की वर जाते आणि थंड हवा तिची जागा घेते, आणि त्या फिरण्यातच उष्णता निघून जाते. पण तीच हवा एक दोन मिलीमीटरच्या कप्प्यांत अडकवली तर तिला फिरायला जागाच मिळत नाही, ती आपल्याच चिकटपणाने जागच्या जागी थांबते. लोकरीच्या तंतूला मुळातच लाटांसारखे वळसे असतात कारण त्याच्या आत दोन वेगळ्या प्रकारच्या पेशी अर्ध्या अर्ध्या बाजूला असतात आणि त्या सारख्या आकसत नाहीत. म्हणून लोकरीचा धागा कितीही पिळला तरी फुगीर राहतो, आणि फ्लोट असे दहा वीस फुगीर धागे शेजारी शेजारी आडवे ठेवतात. एकाच लोकरीच्या दोन टोप्या विणा, एक साधी आणि एक नक्षीची, वाऱ्यात उभं राहिलं की फरक लगेच कळतो.

आता डोकं झाकलं नाही तर शरीराची ४०-५० टक्के उष्णता डोक्यातून जाते हे आपण सगळ्यांनीच ऐकलंय. ते खरं नाही. अमेरिकन लष्कराच्या १९७० च्या एका मॅन्युअलमध्ये तसं छापलेलं होतं, आणि त्याचं मूळ ज्या प्रयोगांपर्यंत नेलं जातं त्यात माणसांना थंडीचा सूट घालून फक्त डोकं उघडं ठेवलेलं होतं, मग उष्णता दुसरीकडून जाणार तरी कुठून. २००८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दोन डॉक्टरांनी हा गैरसमज नीट खोडून काढला. डोकं शरीराच्या पृष्ठभागाच्या सुमारे १० टक्के आहे आणि उष्णताही साधारण त्याच हिशोबात जाते. तरी टोपी हवीच, कारण थंडीत हातापायांच्या कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसून रक्त आत ठेवतात पण डोक्याच्या कातडीतल्या तशा आकसत नाहीत, तिथे गरम रक्त येतच राहतं. शिवाय कान, आणि कानाचं दुखणं काय असतं ते मी सांगायला नको.

माझी पहिली नक्षीची टोपी डोक्यात शिरलीच नाही. माप बरोबर होतं, टाके बरोबर मोजलेले, नक्षीही सुरेख आलेली, पण ओढली की कपाळावरच अडायची. तीन आठवड्यांचं काम होतं, फार वाईट वाटलं, आणि कारण समजायला मला बराच वेळ लागला. विणलेलं कापड ताणलं जातं तेव्हा धागा लांब होत नसतो, प्रत्येक टाका म्हणजे एक फास असतो आणि ओढल्यावर त्या फासाचा आकार बदलतो, उभा फास आडवा पसरतो. सगळी लवचिकता त्या वळणातून येते, एरवी लोकरीचा धागा स्वतः कितीसा ताणणार! पण फ्लोटला वळणच नाही, तो सरळ धागा. समोरचे टाके पसरायला तयार आणि मागून सरळ धाग्याने त्यांना बांधून ठेवलेलं, दोरीने बांधल्यासारखं. माझे फ्लोट घट्ट होते म्हणून टोपी तेवढीच उघडत होती जेवढी ते उघडू देत होते. शेवटी सगळी उसवली.

उपाय तसा साधा आहे पण हाताला सवय लागायला वेळ लागतो. रंग बदलायच्या आधी उजव्या सुईवरचे टाके बोटांनी नीट पसरवून घ्यायचे आणि मगच दुसरा धागा विणायचा, म्हणजे फ्लोट तेवढ्या रुंदीचा पडतो. दुसरी युक्ती मला फार आवडते, टोपी उलटी धरून विणायची, म्हणजे नक्षी आत आणि फ्लोट बाहेर. गोल वस्तूचा बाहेरचा घेर आतल्यापेक्षा थोडा मोठा असतो ना, त्यामुळे बाहेरून जाणाऱ्या फ्लोटला आपोआप थोडा जास्त धागा लागतो, सैलपणा न मागता मिळतो. आणि फ्लोट अडीच सेंटीमीटरपेक्षा लांब व्हायला लागला तर मध्ये एकदा चालू धाग्याखाली अडकवून घ्यायचा, नाहीतर टोपी घालताना बोट अडकतं, कानातलं अडकतं.

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी आणि शेटलंडच्या मधोमध फेअर आयल नावाचं छोटं बेट आहे, या प्रकारच्या विणीला बऱ्याचदा त्याचंच नाव देतात. तिथल्या पारंपरिक नक्षीत पूर्ण स्वेटरमध्ये भरपूर रंग असले तरी एका ओळीत दोनच रंग असतात आणि एका रंगाचे टाके सलग फार लांब जात नाहीत. बाहेरून बघणाऱ्याला ती सौंदर्याची शैली वाटेल, पण उलट बाजूने बघितलं तर तिथे फ्लोटचा हिशोब दिसतो, दोनच रंग म्हणजे मागे एकच मोकळा धागा आणि छोटे तुकडे म्हणजे छोटे फ्लोट.

रंगांबद्दल मात्र थोडं थांबून लिहायला हवं, कारण सगळ्यात जास्त टोप्या इथे फसतात. पॅरिसमध्ये गोब्लांच्या विणकामाच्या कारखान्यात १८२४ पासून मिशेल यूजीन शव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगाई विभागाचे प्रमुख होते. तक्रार आली की तुमच्या काळ्या रंगात दम नाही, निळ्या जांभळ्याच्या सावल्यांत वापरला की फिका दिसतो. त्यांनी दुसरीकडची काळी लोकर मागवून ताडून पाहिली, रंगात काही खोट नव्हती. खोट होती शेजारात! काळ्याच्या बाजूला निळा किंवा जांभळा ठेवला की डोळा काळ्याला वेगळाच बघतो. त्यातून त्यांनी शेजारच्या रंगांच्या परिणामाचा नियम मांडला आणि १८३९ मध्ये त्यावर मोठं पुस्तक काढलं. रंगशास्त्रातला एवढा महत्त्वाचा नियम लोकरीच्या गुंड्यांवरून सापडलाय, मला याचा खूप आनंद वाटतो.

म्हणून दोन गुंडे हातात धरून छान दिसले यावर विसंबू नका. डोळा बारीक आकार ओळखतो तो मुख्यतः उजेड-अंधाराच्या फरकावरून, नुसत्या रंगाच्या फरकावरून बारीक तपशील त्याला तेवढा दिसत नाही. मोबाईलमधले जेपेग फोटो याचाच फायदा घेतात, उजेडाची माहिती बारकाईने आणि रंगाची बऱ्याचदा जाडसर साठवतात आणि आपल्या लक्षातही येत नाही. तर लाल आणि हिरवा कितीही विरुद्ध वाटले तरी दोघांचा गडदपणा सारखा असेल तर चार पावलांवरून नक्षी विरघळून जाते, नुसता चिखली पट्टा दिसतो. गुंड्यांचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा, दोन्ही सारखेच राखाडी दिसले तर जोडी बदला. दोन मिनिटांचं काम आहे, तीन आठवडे वाचतात. आणखी एक गोष्ट, मागे दोन धागे एकमेकांच्या वरखाली जातात त्यात जो कायम खालून येतो त्याला टाक्यापर्यंत पोचायला किंचित जास्त अंतर पडतं म्हणून त्याचे टाके जरासे मोठे बसतात आणि तो रंग पुढे येतो. नक्षीचा रंग खालून ठेवायचा, आणि मध्येच अदलाबदल करायची नाही, नाहीतर अर्धी टोपी एकीकडे उठावदार आणि अर्धी मिटलेली.

आकडेमोडीत मला १२० हा आकडा फार लाडका आहे. १० सेंटीमीटरमध्ये २४ टाके बसत असतील तर १२० टाक्यांचा घेर ५० सेंटीमीटर होतो, ५५-५६ च्या डोक्याला थोडा ताणून मस्त बसतो, आणि १२० ला ४, ५, ६, ८, १०, १२, १५ सगळ्यांनी भाग जातो म्हणजे नक्षीचा तुकडा यांपैकी कितीही टाक्यांचा असो, शेवटी अर्धी राहत नाही. मग वरचा भाग. वर्तुळाचा घेर त्रिज्येच्या ६.२८ पट असतो, म्हणजे मध्याकडे १ सेंटीमीटर सरकलं की घेर ६.२८ सेंटीमीटर कमी व्हायला हवा, आपल्या मापात ते १५ टाके झाले. १० सेंटीमीटरमध्ये २८ ओळी बसत असतील तर १ सेंटीमीटरमध्ये २.८ ओळी, म्हणजे एका ओळीला साधारण साडेपाच टाके कमी केले तर माथा ताटलीसारखा सपाट होईल. दर दुसऱ्या ओळीला ८ टाके कमी केले तर सरासरी ४ पडते, सपाटपेक्षा थोडी हळू घट, म्हणून माथा डोक्यासारखा हलका फुगीर येतो. घाईने प्रत्येक ओळीला ८ कमी केले तर बटव्यासारख्या चुण्या पडतात, आणि दर दुसऱ्या ओळीला ४ च केले तर २० सेंटीमीटर उंच शंकू तयार होतो. आठ ठिकाणी कमी केल्यामुळे नक्षीच्या आठ पाकळ्या मध्यावर येऊन मिळतात, ते फूल वेगळं काढावं लागत नाही.

विणून झालं की टोपी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवायची, अजिबात चोळायची नाही. तंतूवर कौलांसारखे एका दिशेचे खवले असतात, गरम पाणी आणि चोळणं मिळालं की ते एकमेकांत सरकत जातात पण मागे येत नाहीत आणि लोकर आटते. नुसतं भिजवलं तर वेगळंच होतं, केराटिनच्या साखळ्यांमधले हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात आणि वाळताना नव्या आकारात पुन्हा जुळतात. म्हणून मी ओली टोपी टॉवेलमध्ये दाबून पाणी काढते आणि डोक्याएवढ्या फुगवलेल्या फुग्यावर वाळवते, ओढलेले टाके सरळ होतात, फ्लोट आपापली जागा धरतात.

तो मघाचा अपवाद आता. लोकर आपल्या कोरड्या वजनाच्या ३० टक्क्यांच्या आसपास वाफ आत घेते तरी हाताला ओली लागत नाही, आणि पाण्याचे रेणू आत बांधले जाताना थोडी उष्णता बाहेर पडते. कोरड्या खोलीतून दमट थंडीत बाहेर पडलात की पहिले काही क्षण टोपी खरोखर किंचित गरम होते. ॲक्रिलिकमध्ये हे जवळपास होत नाही कारण ते पाणी फार थोडं घेतं.

आणि दोन तीन हिवाळे वापरल्यावर टोपी पुन्हा उलटी करा. केसांच्या घर्षणाने फ्लोट एकमेकांना आणि मागच्या टाक्यांना हलके धरू लागलेले असतात, मोकळे धागे शोधावे लागतात, आत मऊ नमद्यासारखा पातळ थर बसलेला असतो आणि त्यात आता बोट अडकत नाही.