पेटणारे पडदे आणि उशिरा आलेले नियम

२९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर मुंबईतल्या कमला मिल आवारातल्या दोन रूफटॉप पबना आग लागली आणि १४ जणांचा जीव गेला. हुक्क्याच्या निखाऱ्यातून उडालेल्या ठिणगीने पडदा पेटला असावा, असा निष्कर्ष अग्निशमन दलाने काढला. पुढची चर्चा परवाने, बेकायदा बांधकाम आणि अडलेल्या वाटांची झाली. ती व्हायलाच हवी होती. पण ठिणगी पडली तरी पडदा भडकू नये, याचा इलाज जवळपास दोनशे वर्षांपासून माहीत आहे, हे त्यात मागेच राहिलं.

तेव्हाची नाटकगृहं मेणबत्त्या आणि तेलाच्या दिव्यांवर चालत, आणि वारंवार जळत. फ्रान्सच्या अठराव्या लुईच्या सांगण्यावरून रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसॅक यांनी रंगमंचावरच्या कापडाचा अभ्यास केला आणि १८२१ मध्ये उपाय मांडला: अमोनियम फॉस्फेट, नवसागर आणि टाकणखार यांच्या द्रावणात कापड भिजवायचं. फॉस्फेटमुळे तागाचं किंवा सुती कापड तापलं की पेट घेणारे वायू कमी सुटतात. कापड जागच्या जागी काळं पडतं, ज्योत पुढे सरकत नाही. खोट एकच, पण मोठी. हे क्षार पाण्यात विरघळतात. पडदा धुतला की औषध गटारात.

औषध होतं, सक्ती नव्हती. शिकागोचं इरोक्वॉय थिएटर ‘पूर्णपणे अग्निरोधक’ अशा जाहिरातीसह उघडलं आणि जेमतेम पाच आठवड्यांतच, ३० डिसेंबर १९०३ रोजी, दुपारच्या खेळाला आर्क दिव्याच्या ठिणगीने तिथला मलमलीचा पडदा पेटला. रंगमंच आणि प्रेक्षागार यांच्यामध्ये उतरणारा ॲस्बेस्टॉसचा सुरक्षा पडदा अर्ध्यातच अडकला. या आगीत ६०२ माणसं मेली, त्यात बायका-मुलं मोठ्या संख्येने होती.

अमेरिकेत कापडासाठी स्वतंत्र मानक, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेचं आजचं एनएफपीए ७०१, आकाराला यायला त्यानंतरही तीन दशकांहून जास्त काळ गेला. त्याच्या आजच्या एका चाचणीत टांगलेल्या नमुन्याला ४५ सेकंद ज्योत लावतात. किती वजन जळून गेलं आणि खाली पडलेले थेंब किती वेळ जळत राहिले, हे मोजतात. थेंबांची अट महत्त्वाची. सिंथेटिक कापड वितळतं आणि जळते थेंब खालच्या माणसांवर पडतात. पण मानक छापलं म्हणजे कायदा झाला असं नाही. १९४२ मध्ये बॉस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लबमध्ये नकली ताडाची झाडं आणि छताला ताणलेलं कापड पेटलं, ४९२ जण दगावले. आठच दिवसांपूर्वी तिथली तपासणी ‘समाधानकारक’ ठरली होती.

आपल्याकडची गोष्ट वेगळी नाही. मंडपांसारख्या तात्पुरत्या बांधकामांतल्या आगीच्या खबरदारीची आयएस (भारतीय मानक) ८७५८ ही संहिता १९९३ मध्ये सुधारून निघाली. दोनच वर्षांनी, २३ डिसेंबर १९९५ रोजी, हरियाणातल्या डबवालीत शाळेच्या वार्षिक समारंभाचा सिंथेटिक मंडप पेटला; चारशेहून अधिक माणसं मेली, बरीचशी मुलं. पडद्यांसाठी आयएस १५७४१ हे वेगळं मानक आलं ते २००७ मध्ये. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याने जबाबदारी मालक आणि भोगवटादारावर टाकली, आणि दर जानेवारी-जुलैत परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र देणं बंधनकारक केलं. प्रत्यक्षात नजर असते ती पंप, होज रील, स्प्रिंकलरवर. झालरी आणि कनातींकडे क्वचितच कोणी बघतं.

आता फॉस्फरस धाग्यातच गुंफलेलं पॉलिएस्टर मिळतं. ते धुतल्याने बिघडत नाही. पण महाग असतं, म्हणून बरेच हॉलवाले साध्या कापडावर फवारणी करून घेतात आणि ‘एफआर’ (ज्वालारोधक) लिहिलेला कागद फायलीत लावतात. अशा कागदावर फवारणीची तारीख असते. त्यानंतर पडदे कितीदा धुतले, हे मात्र हॉलवाल्यालाच विचारावं लागतं.