धर्मगुरूंची निवृत्ती (कॅथलिक)

कॅथलिक धर्मग्रामाच्या (पॅरिश, म्हणजे एका चर्चशी जोडलेला भाविकांचा समुदाय) प्रमुख धर्मगुरूने वयोमानामुळे पदभार सोडून, जमेल तेवढी धार्मिक सेवा चालू ठेवण्याची पद्धत. निवृत्ती पदापुरती असते. गुरुदीक्षा एकदा मिळाली की ती पुसली जात नाही, त्यामुळे फादर अखेरपर्यंत फादरच राहतात.

पूर्वी अनेक ठिकाणी प्रमुख धर्मगुरू मरेपर्यंत त्याच गादीवर असत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या बिशपांची सभा, १९६२–६५) वयोवृद्धांनी स्वतःहून पद सोडावे असे सुचवले आणि १९६६ मध्ये पोप सहावे पॉल यांनी त्यासाठी ७५ वर्षे ही मर्यादा घातली. १९८३ च्या धर्मसंहितेतील कलम ५३८ नुसार पंचाहत्तरी पूर्ण झाल्यावर धर्मगुरूने बिशपांकडे, म्हणजे धर्मप्रांताच्या प्रमुखांकडे, राजीनामा द्यावा, अशी त्याला विनंती असते. माणूस आणि जागा पाहून बिशप तो स्वीकारतात किंवा लांबणीवर टाकतात. धर्मगुरूंची वानवा असेल तिथे तो लांबतोच. निवृत्ताच्या राहण्याची आणि चरितार्थाची सोय पाहणे हे बिशपांचे कर्तव्य आहे.

राजीनाम्याबरोबर हिशेबाच्या वह्या, छपराची गळती, दफनभूमीचे तंटे आणि समित्यांच्या बैठका सुटतात. कित्येकांना हीच खरी सुटका वाटते. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मात्र सुटत नाही. आजारी किंवा वृद्ध धर्मगुरूला ती बसून अर्पण करण्याचीही मुभा आहे. रविवारची जादा मिस्सा, सुटीवर गेलेल्या फादरांची बदली, इस्पितळातल्या रुग्णांचा तैलाभ्यंग (पवित्र तेल लावून केलेली प्रार्थना), ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातल्या पापनिवेदनाच्या (कन्फेशनच्या) लांबलचक रांगा ही कामे निवृत्तांकडे हमखास येतात. पापनिवेदन ऐकण्याचा पदासोबतचा अधिकार पदाबरोबर जातो, म्हणून बिशपांची परवानगी लागते. मरणासन्न व्यक्तीला मात्र कोणताही धर्मगुरू पापक्षमा देऊ शकतो.

लग्नाच्या बाबतीत नियम कडक आहे. ज्या फादरांनी मुलीला बाप्तिस्मा दिला त्यांनीच तिचे लग्न लावावे, असा घरच्यांचा आग्रह असतो आणि फादरांनाही ते हवे असते. पण धर्मग्रामात विवाह लावण्याचा अधिकार आता त्यांच्या जागी आलेल्याकडे असतो. त्याने किंवा बिशपांनी तो सोपवल्याशिवाय लावलेला विवाह सर्वसाधारणपणे चर्चच्या दृष्टीने अवैध ठरतो. आपल्याच जुन्या वेदीपाशी उभे राहण्यासाठी वयाने निम्म्या असलेल्या धर्मगुरूची परवानगी घ्यावी लागते. काहींना ते सहज जमते, काहींना जड जाते. निवृत्ताने जुन्या धर्मग्रामापासून जरा लांब राहावे हा संकेत त्यामुळे शहाणपणाचा म्हणावा लागेल.

धर्मप्रांतीय (थेट बिशपांच्या हाताखालचे) धर्मगुरू निवृत्तीनंतर धर्मगुरूंच्या निवासात, एखाद्या चर्चच्या आवारात किंवा नातेवाइकांकडे राहतात. संघीय (एखाद्या धार्मिक संघाचे सदस्य असलेले) धर्मगुरू आपल्या संघाच्या घरी परततात. येशूसंघाच्या (जेझुइटांच्या) वार्षिक नोंदवहीत थकलेल्या सदस्याच्या नावापुढेही काम लिहिलेले असते: चर्चसाठी आणि संघासाठी प्रार्थना करतो.

बिशपांनाही ७५ चीच मर्यादा लागू आहे. मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ओसवाल्ड ग्रेशियस डिसेंबर २०१९ मध्ये पंचाहत्तरीचे झाले, पण त्यांचा राजीनामा स्वीकारला गेला तो जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. वसई धर्मप्रांताचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा त्यांनी ही मर्यादा दोन वर्षांपूर्वीच ओलांडली होती.