देहघटक मापन : स्तनाच्या कर्करोगानंतर

देहघटक मापन म्हणजे एकूण वजनातली चरबी, स्नायू, हाडे आणि पाणी यांची वेगवेगळी मोजदाद. स्तनाच्या कर्करोगाचे उपचार झालेल्या बाईच्या बाबतीत नुसत्या वजनाने फसगत होते. केमोथेरपीत आणि पुढे हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या चालू असताना स्नायू झडतात, चरबी चढते. पुष्कळदा दोन्ही एकदमच. समजा, उंची १५० सेंमी, वजन ५४ किलो. वर्षभराने काटा तेवढाच, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, तोही २४ च. मधे तीन किलो स्नायू जाऊन तीन किलो चरबी आली असली तरी आकडा हलत नाही. घरचे म्हणतात तब्येत आहे तशीच आहे. बाईला मात्र जिना चढताना गुडघ्यावर हात टेकावा लागतो.

सगळ्यात स्वस्त साधन टेप. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, सहज श्वास सोडल्यावर घेर घ्यायचा. भारतीय स्त्रियांत ८० सेंमीच्या वर तो धोक्याचा धरतात. सातारा-सांगलीकडच्या खेड्यांत वयस्क बाया नऊवारी नेसतात. खोचलेल्या ओच्यावरून टेप फिरवली की चार बोटे फुकटची वाढतात, म्हणून ओचा सोडून टेप अंगालाच लावावी. वजन करताना चोळीतला सिलिकॉनचा कृत्रिम स्तन काढून ठेवावा आणि काटा शेणाने सारवलेल्या जमिनीवर न ठेवता फरशीवर ठेवावा.

बीआयए यंत्र, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्यावरून देहघटक मोजणारे यंत्र, अंगातून जाणवणारही नाही इतकी सौम्य वीज सोडते. स्नायूंतल्या पाण्यातून ती सहज वाहते, चरबी तिला अडवते. त्या अडथळ्यावरून यंत्र हिशेब मांडते. म्हणजे खरे मोजले जाते ते पाणी, आणि चुका होतात त्याही पाण्यामुळेच. जत-आटपाडीहून किंवा माणदेशातून भर उन्हात एसटीने आलेल्या, नाहीतर कडक उपास केलेल्या बाईच्या अंगात पाणी कमी असते, मग यंत्र चरबी जास्त दाखवते. उलट, काखेतल्या गाठी काढल्यामुळे हात सुजला असेल तर तिथले पाणी स्नायूंच्या खात्यावर जमा होते. एकाच बाजूने मोजणाऱ्या यंत्रावर म्हणून शस्त्रक्रिया न झालेली बाजू घ्यावी. मोजणी सकाळी, उपाशीपोटी, लघवी करून आल्यावर घ्यावी. जोडवी, पैंजण काढावीत. शेतात राबलेल्या, भेगाळलेल्या टाचा ओल्या फडक्याने पुसल्याशिवाय यंत्राच्या धातूच्या तव्यांना नीट स्पर्श होत नाही. पेसमेकर असेल तर ही तपासणी करू नये.

डेक्सा स्कॅन, म्हणजे सौम्य क्ष-किरणांची तपासणी, जास्त भरवशाचा, आणि तो हाडेही दाखवतो. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल या हार्मोन रोखणाऱ्या गोळ्यांनी हाडे विरळ होतात. टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांशी तुलना करून काढलेला घनतेचा आकडा, उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याचा आजार. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावी उपचार घेतलेल्यांच्या फायलीत पोटाचा सीटी स्कॅन असेल, तर कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवरच्या चित्रातून स्नायूंचे क्षेत्रफळ काढता येते, नवा स्कॅन लागत नाही.

स्नायू किती यापेक्षा ते किती काम देतात हे महत्त्वाचे. मुठीची ताकद १८ किलोच्या खाली असेल तर आशियाई निकषांनुसार स्त्रीचे स्नायू दुबळे समजतात. सुजलेल्या हाताने मुठीची ताकद मोजायचे यंत्र दाबायला लावू नये, दुसरा हात वापरावा.

एका मोजणीवरून निदान करू नये. तेच यंत्र, तीच वेळ ठेवून तीन-सहा महिन्यांनी पुन्हा मोजावे आणि आकडा त्याच बाईच्या आधीच्या आकड्याशी ताडावा. एका कंपनीच्या यंत्रावरची चरबी दुसऱ्या यंत्राशी जुळतेच असे नाही.