चिनी अक्षरांचा रेघक्रम

चिनी अक्षर लिहिताना त्यातल्या रेघा कोणत्या क्रमाने आणि कोणत्या दिशेने काढायच्या हे ठरवणारी पद्धत. चिनी भाषेत तिला ‘बीशुन’ म्हणतात.

नियम थोडे आहेत. वरून खाली जावे, डावीकडून उजवीकडे जावे, आडवी आणि उभी रेघ एकमेकींना छेदत असतील तर आडवी आधी काढावी. ‘दहा’चे अक्षर अधिकच्या चिन्हासारखे असते, त्यात आधी आडवी, मग उभी. ‘लहान’ या अर्थाच्या अक्षरात मात्र मधली उभी रेघ आधी येते आणि दोन बाजूंचे ठिपके नंतर. नवशिका हमखास अडतो तो ‘खोऊ’ म्हणजे तोंड या अक्षरावर. ते चौकोनी दिसते, म्हणून तो चार रेघा काढतो. खरे तर त्यात तीनच आहेत: डावीकडची उभी, वरून निघून उजव्या कोपऱ्यात वळणारी व तशीच खाली येणारी दुसरी, आणि तळाची आडवी. लेखणी टेकल्यापासून उचलेपर्यंत जे उमटते ती एक रेघ, मग वाटेत वळण असले तरी चालेल. हे कळले की ‘देश’सारखी चौकटीची अक्षरेही उलगडतात. तिथे तीन बाजूंची चौकट आधी होते, आतला मजकूर भरला जातो आणि तळ सर्वांत शेवटी बंद होतो.

या क्रमाला केवळ शिस्त समजणे चूक ठरेल. तो कुंचल्याच्या लेखनात घडला. भरभर लिहिताना कुंचला कागदावरून पुरता उचलला जात नाही आणि एका रेघेचे शेपूट पुढच्या रेघेच्या डोक्याला जाऊन मिळते. ‘शिंगशू’ ही वाहती आणि ‘त्साओशू’ ही अतिजलद शैली अशा जोडण्यांवरच उभी आहे. क्रम बदलला तर जोडण्या भलतीकडे पडतात आणि सावकाश लिहिताना बिनचूक दिसणारे अक्षर वेगात वाचता येईनासे होते. सुलेखनाच्या सरावासाठी पिढ्यान्‌पिढ्या ‘योंग’ (शाश्वत) हे अक्षर गिरवतात, कारण मूळ आठ रेघा त्या एकाच अक्षरात सापडतात. थोर चिनी सुलेखनकार वांग शीझ याच्या इ.स. ३५३ मधल्या प्रसिद्ध ‘लानथिंग’ प्रस्तावनेचे पहिले अक्षरही हेच.

चीनमध्ये पहिलीच्या वर्गात शिक्षक फळ्यावर अक्षर काढतात आणि मुले बोट हवेत फिरवत प्रत्येक रेघेचे नाव मोठ्याने म्हणतात: ‘हंग’ (आडवी), ‘शू’ (उभी), ‘पिए’ (डावीकडे उतरणारी). मग वहीतल्या चार घरांच्या चौकटीत ते गिरवले जाते. हजारो अक्षरे डोळ्यांनी पाठ होत नाहीत, ती हाताला पाठ व्हावी लागतात. अक्षर आठवेनासे झाले की मोठी माणसेही बोटाने तळहातावर लिहून पाहतात. क्रम दर वेळी तोच असेल तरच हाताची ही आठवण टिकते.

रेघांवर वर्गीकरणही चालते. काही शब्दकोश आणि नावांच्या याद्या रेघांच्या संख्येने लावतात. संख्या सारखी आली की पहिली रेघ कोणत्या प्रकारची आहे ते पाहतात. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या संचलनात ग्रीसच्या पाठोपाठ गिनी आला, कारण त्याच्या चिनी नावातले पहिले अक्षर दोनच रेघांचे आहे. यजमान चीनच्या आधी झांबिया होता; त्याचे पहिले अक्षर १६ रेघांचे.

सगळीकडे क्रम एकच असतो असे मात्र नाही. चीनने १९९७ मध्ये ७,००० अक्षरांचा प्रमाण क्रम प्रसिद्ध केला. तैवानच्या शिक्षण मंत्रालयाचा वेगळा आहे. जपानच्या शिक्षण मंत्रालयाने १९५८ मध्ये ८८१ अक्षरांसाठी मार्गदर्शिका काढली आणि इतर प्रचलित क्रम चुकीचे ठरवण्याचा हेतू नाही, असेही तीत नोंदवले. ‘राजा’च्या चार रेघांच्या अक्षरात चीनमध्ये वरच्या दोन आडव्या रेघांनंतर उभी येते, तर जपानमध्ये पहिल्या आडवीनंतर लगेच.

मराठी विद्यार्थ्याला हा फरक बारीकसा वाटेल, पण तो त्याच्या वाट्याला खरोखर येतो. पुणे हे जपानी शिकण्याचे भारतातले मोठे केंद्र आहे, त्यामुळे इथल्या अनेकांची या अक्षरांशी ओळख जपानी ‘कांजी’च्या रूपाने होते. पुढे चिनीकडे वळताना बहुतेक अक्षरांचा क्रम तोच राहतो. ‘राजा’, ‘शेत’, ‘उजवा’ अशा काही अक्षरांचा तेवढा नव्याने गिरवावा लागतो.