अभ्यासजागा, विद्यापीठीय ग्रंथालयांतील

विद्यापीठाच्या ग्रंथालयात विद्यार्थ्यांना बसून वाचता, लिहिता आणि एकत्र चर्चा करता यावी म्हणून राखलेली जागा. सामाईक वाचनकक्ष, आडोसा केलेली एकट्याची मेजे आणि गटचर्चेच्या खोल्या तिच्यात मोडतात. अशा ठिकाणी येणारे पुष्कळ विद्यार्थी ग्रंथालयातील एकही पुस्तक मागत नाहीत. टिपणवह्या आणि लॅपटॉप ते स्वतःच आणतात, त्यांना हवी असते ती बैठक. यामुळे देवघेवीच्या नोंदींवरून ग्रंथालयाचा वापर ठरवणे अपुरे पडते.

बडोद्यात सार्वजनिक वाचनाची परंपरा जुनी आहे. महाराज सयाजीराव गायकवाड तिसरे यांनी १९१० मध्ये अमेरिकी ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना संस्थानात बोलावले आणि मध्यवर्ती ग्रंथालयासह गावोगावच्या वाचनालयांचे जाळे उभे राहिले. त्या ग्रंथालयाच्या पुस्तककोठीत पोलादी मांडण्यांमध्ये काचेची जमीन बसवली आहे, जेणेकरून वरच्या मजल्यावरचा उजेड खाली उतरावा. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला पहिल्या कुलगुरू हंसा मेहता यांचे नाव आहे.

घरी किंवा वसतिगृहात जे मिळत नाही ते विद्यार्थी येथे शोधतात. दांडिया बाजार, रावपुरा अशा जुन्या वस्तीतल्या मराठी घरांत आल्यागेल्यांचा राबता, एकाच खोलीतला दूरदर्शन संच आणि लहान भावंडे असली की सलग दोन तास वाचणे अवघड होते. नवरात्रात तर गरब्याचे सूर रात्री उशिरापर्यंत कानावर येत राहतात. शांतता मात्र सर्वांना सारखीच हवी असते असे नाही. पाठांतर करणाऱ्याला खोकलाही खुपतो, तर प्रकल्पाचा अहवाल जुळवणाऱ्या चौघांना बोलण्याची मुभा लागते, आणि या दोघांना एकाच दालनात बसवल्यास दोघांचेही नुकसान होते. कुजबुजीला अडवण्यापेक्षा तिला वेगळी खोली देणे हा खरा उपाय आहे.

बैठकीची निवड कशी होते, याचा अभ्यास अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सॉमर यांनी १९६० च्या दशकात केला. इतरांपासून दूर राहू पाहणारा विद्यार्थी मेजाच्या टोकाची खुर्ची पसंत करतो, तर अख्खे मेज आपल्यापुरते ठेवू पाहणारा मधली खुर्ची धरतो, असे त्यांना आढळले. रिकाम्या खुर्चीवर टाकलेले जाकीट आणि समोर उघडी वही यांनी जागा जेवढी राखली जाते, तेवढी विखुरलेल्या मासिकांनी राखली जात नाही, हेही त्यांच्या सहकाऱ्यांसोबतच्या प्रयोगांतून दिसले. परीक्षेच्या दिवसांत पाण्याची बाटली आणि उघडी वही ठेवून चहाला गेलेला विद्यार्थी हीच खूण करत असतो. सर्व जागा भरलेल्या असताना तासभर रिकामी राहिलेली अशी खुर्ची दाराशी उभ्या असलेल्यावर अन्याय करते, म्हणून जागा सोडण्याची कालमर्यादा ठरवून ती ठळकपणे लावणे आवश्यक ठरते.

वापर मोजण्यासाठी दारावरची नोंद पुरत नाही. कोणत्या खुर्च्या सकाळी लगेच भरतात आणि कोणत्या दुपारीही मोकळ्या राहतात, हे दर तासाला फिरून टिपावे लागते. मोकळ्या खुर्चीजवळ बहुधा पंखा, पुरेसा उजेड किंवा चार्जरसाठी प्लग यांपैकी काहीतरी नसते.