मृत्युपत्राचा एक्झिक्युटर: प्रोबेटचा अर्ज, कागदपत्रे आणि त्यानंतरची जबाबदारी

मृत्युपत्रात व्यवस्थापक म्हणून, म्हणजे व्यवहारात ज्याला एक्झिक्युटर म्हणतात तो म्हणून, आपले नाव आहे हे अनेकांना दुःखाच्या दिवसांत कपाटातले पाकीट उघडल्यावरच कळते. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 च्या कलम 211 नुसार मृत व्यक्तीची मालमत्ता तिचा कायदेशीर प्रतिनिधी या नात्याने एक्झिक्युटरच्या हाती येते, पण ती त्याच्या मालकीची होत नाही. नात्याने तो थोरला मुलगा किंवा जावई असला, तरी या कामापुरता तो दुसऱ्यांचे धन सांभाळणारा असतो.

मुंबई, चेन्नई आणि कोलकाता उच्च न्यायालयांच्या मूळ दिवाणी अधिकारक्षेत्रात हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन व्यक्तीने केलेले, अथवा त्या क्षेत्रातील स्थावर मालमत्तेविषयीचे मृत्युपत्र असेल, तर प्रोबेटशिवाय, म्हणजे ते मृत्युपत्र खरे असल्याच्या न्यायालयीन दाखल्याशिवाय, त्याच्या आधारे न्यायालयात हक्क सिद्ध करता येत नसे. त्यामुळे मृत्युपत्र नाशिकमध्ये केलेले असेल, तर त्यातील दादरच्या सदनिकेला प्रोबेट लागे आणि नाशिकच्या घराला लागत नसे. ही सक्ती करणारे कलम 213 संसदेने डिसेंबर 2025 मध्ये वगळले, परंतु प्रोबेटची तरतूद कायद्यात कायम आहे. वारसांत मतभेद असतील किंवा मृत्युपत्राच्या खरेपणाविषयी कुजबुज सुरू झाली असेल, तर प्रोबेट घेणेच शहाणपणाचे ठरते, कारण ते मिळाल्यावर मृत्युपत्र मृत्यूच्या दिवसापासूनच सिद्ध झाले असे मानले जाते.

प्रोबेट केवळ मृत्युपत्राने नेमलेल्या एक्झिक्युटरलाच मिळते. नेमणूक स्पष्ट शब्दांत असावी असे नाही. मजकुरावरून ती अपरिहार्यपणे निघत असली तरी चालते. अज्ञान, म्हणजे वयाने सज्ञान न झालेल्या, किंवा मनाने असमर्थ व्यक्तीला ते मिळत नाही. एक्झिक्युटर नेमलेलाच नसेल, तो हयात नसेल किंवा त्याने नकार दिला असेल, तर उरलेली सर्व मालमत्ता ज्याला दिली आहे असा लाभार्थी मृत्युपत्र जोडून लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे मालमत्तेची व्यवस्था पाहण्याचे न्यायालयाचे अधिकारपत्र, मागू शकतो.

मुंबई शहरात हा अर्ज उच्च न्यायालयाच्या मृत्युपत्र विभागात आणि इतरत्र जिल्हा न्यायालयाच्या अखत्यारीत दाखल होतो. मृत व्यक्तीचे कायम वास्तव्य किंवा तिची काही मालमत्ता त्या न्यायालयाच्या हद्दीत असावी लागते. अर्जासोबत मूळ मृत्युपत्र, मृत्यूचा दाखला, अर्जदाराची ओळखपत्रे, सर्व कायदेशीर वारसांची नावे, नाते व पत्ते, मालमत्तेची आणि देण्यांची किमतीसह यादी, आणि शक्य असेल तर मृत्युपत्रावर सही करणाऱ्या दोन साक्षीदारांपैकी किमान एकाचे प्रतिज्ञापत्र द्यावे. स्थावरासाठी 7/12 उतारा, मालमत्ता पत्रक, सूची 2 (नोंदणी झालेल्या दस्ताचा उतारा, इंडेक्स 2) किंवा सोसायटीचा भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट) जोडतात. मूळ मृत्युपत्राची स्टेपल काढून पुन्हा मारू नये, फाइलसाठी त्याला छिद्रे पाडू नयेत, त्यावर पेन्सिलची खूणही करू नये. मागे दोन जादा छिद्रे दिसली की एखादे पान बदलले का, असा प्रश्न विरोधी पक्ष विचारतोच.

मृत्यूनंतर 7 पूर्ण दिवस होईपर्यंत प्रोबेट देता येत नाही. लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशनसाठी ही मुदत 14 दिवसांची आहे. संमती न दिलेल्या वारसांना नोटीस जाते. त्यांपैकी कोणी कॅव्हेट, म्हणजे आपले म्हणणे ऐकल्याशिवाय प्रोबेट देऊ नये असा अर्ज, दाखल करून हरकत घेतली, तर प्रकरण दाव्यासारखे चालते आणि साक्षीपुरावे होतात. प्रोबेट न्यायालय फक्त मृत्युपत्र खरे, शेवटचे आणि विधिवत केलेले आहे का, एवढेच तपासते. घर मुळात मृत व्यक्तीच्या मालकीचे होते की एकत्र कुटुंबाचे, याचा निर्णय तेथे होत नाही, आणि प्रोबेट हाती आले म्हणजे मालकीचा वाद मिटला या समजुतीमुळे लोक फार पैसा घालवतात.

न्यायालयाचा शिक्का बसला की खरे काम सुरू होते. कलम 317 प्रमाणे 6 महिन्यांत मालमत्ता, येणी व देणी यांची संपूर्ण यादी आणि 1 वर्षात जमाखर्चाचा हिशेब न्यायालयात सादर करावा लागतो. पैसे देण्याचा क्रमही कायद्यानेच ठरवला आहे. आधी अंत्यसंस्काराचा आणि शेवटच्या आजारपणाचा वाजवी खर्च, मग प्रोबेटचा खर्च, त्यानंतर मृत्यूपूर्वीच्या 3 महिन्यांत सेवा केलेल्या मजूर, कारागीर किंवा घरकामगाराची थकलेली मजुरी, आणि मग इतर कर्जे. आजींच्या उशाशी रात्र काढणाऱ्या मावशींचा दोन महिन्यांचा थकलेला पगार हातउसन्या पैशांच्या आणि नातवाला लिहून दिलेल्या सोन्याच्याही आधी चुकता करायचा असतो. कुटुंबांत नेमके हेच विसरले जाते, आणि म्हणून ते इथे ठळकपणे सांगितले पाहिजे. सगळी कर्जे फेडण्याइतकी रक्कम नसेल, तर ती सर्व धनकोंना प्रमाणात वाटावी लागते. ओळखीच्या माणसाचे पैसे आधी फेडता येत नाहीत. लाभार्थ्यांना त्यांचा वाटा मृत्यूनंतर 1 वर्ष होण्याआधी देण्यास एक्झिक्युटर बांधील नसतो. मात्र मालमत्तेचा गैरवापर केला किंवा येणे वसूल करण्यात हयगय झाली, तर झालेले नुकसान त्याला स्वतःच्या खिशातून भरून द्यावे लागते.

मृत्युपत्राने अज्ञान नातवासाठी किंवा दिव्यांग मुलीसाठी न्यास (ट्रस्ट) निर्माण करून एक्झिक्युटरलाच त्याचा विश्वस्त नेमले असेल, तर वाटणी झाल्यावरही काम संपत नाही. भारतीय न्यास अधिनियम, 1882 नुसार विश्वस्ताने ती मालमत्ता सामान्य सुज्ञ माणूस स्वतःची सांभाळतो तशी सांभाळावी, हिशेब स्वच्छ ठेवावेत आणि तिचा स्वतःच्या फायद्यासाठी वापर करू नये. न्यासाच्या पैशांतून स्वतःसाठी तात्पुरते कर्ज काढणेही यात येते.

एक्झिक्युटरपद कोणावरही लादता येत नाही. नको असेल तर न्यायाधीशांसमोर तोंडी किंवा सहीनिशी लेखी नकार देता येतो. मात्र एकदा नकार दिला की त्या मृत्युपत्राचे प्रोबेट मागण्याचा अधिकार कायमचा जातो, म्हणून सही करण्यापूर्वी मालमत्तेच्या यादीबरोबर देण्यांची यादीही समोर ठेवून वकिलांशी बोलावे, आणि तोपर्यंत बँकेतून पैसे काढणे किंवा भाडे वसूल करणे यांसारखी एक्झिक्युटरची कामे सुरू करू नयेत.