संघ-स्थलांतर, अमेरिकन फुटबॉलमधील

व्यावसायिक संघाने आपले शहर सोडून दुसऱ्या शहरात कायमचे बस्तान हलवणे म्हणजे संघ-स्थलांतर. या नोंदीत प्रामुख्याने अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीग (एनएफएल) या 32 संघांच्या लीगचा विचार केला आहे. संघ मोठ्या बाजारपेठेच्या ओढीने जातात, असा सर्वसाधारण समज आहे. 1946 मध्ये क्लीव्हलंडहून लॉस एंजेलिसला गेलेल्या रॅम्स संघाच्या बाबतीत तो खराही होता. पण पुढे कोल्ट्स 1984 मध्ये बाल्टिमोर सोडून त्याहून लहान अशा इंडियानापोलिसला गेले. रॅम्स 1995 मध्ये लॉस एंजेलिस ही देशातील दुसऱ्या क्रमांकाची बाजारपेठ सोडून सेंट लुईसला गेले. रेडर्स 2020 मध्ये सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरातून त्याहून कितीतरी लहान लास व्हेगासला गेले. लोकसंख्या आणि टीव्ही पाहणारी घरे मोजून या नंतरच्या तिन्हींतले एकही स्थलांतर समजत नाही. त्यासाठी लीगमध्ये कोणता पैसा वाटला जातो आणि कोणता मालकाकडे राहतो, हे पाहावे लागते.

वाटला जाणारा आणि न वाटला जाणारा पैसा

1961 च्या क्रीडा प्रसारण कायद्याने संघांना सामन्यांचे टीव्ही हक्क एकत्र विकण्याची मुभा मिळाली. तेव्हापासून एनएफएलच्या राष्ट्रीय प्रसारणाचे पैसे सर्व संघांत समान वाटले जातात. मार्च 2021 मध्ये झालेले, 2023 पासूनचे 11 वर्षांचे करार सुमारे 11,000 कोटी डॉलरचे आहेत. ग्रीन बे पॅकर्स हा लीगमधला एकमेव लोकमालकीचा संघ आपला ताळेबंद जाहीर करतो, म्हणून हे वाटप आकड्यांत पाहता येते. 2023-24 मध्ये त्यांना लीगकडून सुमारे 40 कोटी डॉलर मिळाले आणि स्थानिक उत्पन्न सुमारे 25 कोटी झाले. ग्रीन बेची वस्ती लाखाच्या थोडी वर आहे. न्यूयॉर्कच्या दोन्ही संघांनाही राष्ट्रीय वाटा तेवढाच मिळतो.

तिकिटांच्या उत्पन्नातला सुमारे एक तृतीयांश भाग पाहुण्या संघांच्या सामायिक निधीत जातो, उरलेला यजमानाचा. मात्र कंपन्यांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या आलिशान कक्षांचे भाडे, स्टेडियमच्या नावाचे हक्क, जाहिरातफलक, वाहनतळ आणि खाद्यपेये यांचे उत्पन्न जवळपास सगळे संघाकडेच राहते. यात आणखी एक जोड म्हणजे आसन-परवाना: हंगामाचे तिकीट विकत घेण्याचा नुसता हक्क मिळवण्यासाठी प्रेक्षकाने एकदाच भरायची रक्कम. तिकिटाचे पैसे वेगळे.

1994 पासून खेळाडूंच्या वेतनावर कमाल मर्यादा आहे. ती लीगच्या एकूण उत्पन्नावरून ठरते आणि त्या एकूण उत्पन्नात स्थानिक कमाईही धरली जाते. म्हणजे डॅलसमध्ये कक्षांचे भाडे वाढले की वेतनमर्यादा सगळ्यांची वाढते. जुन्या स्टेडियममधल्या संघाचा खर्च चढतो, उत्पन्न मात्र होते तिथेच राहते. मालक शहर सोडायला निघतो तो बहुधा या दाबामुळे. त्याला हवे असते भरपूर कक्षांचे स्टेडियम, नाममात्र भाडे आणि आतल्या सगळ्या उत्पन्नाचा ताबा. हे देऊ करणारे लहान शहर, न देणाऱ्या मोठ्या शहरावर मात करते.

क्लीव्हलंड ब्राउन्सचे प्रकरण हेच दाखवते. मालक आर्ट मॉडेल यांच्या कंपनीकडे जुन्या म्युनिसिपल स्टेडियमचा कारभार होता, आणि बेसबॉल संघाच्या सामन्यांतूनही कक्षांचे भाडे त्यांना मिळत असे. 1994 मध्ये बेसबॉल संघ नव्या मैदानात गेला आणि तो स्रोत आटला. 6 नोव्हेंबर 1995 रोजी मॉडेल यांनी बाल्टिमोरला जाण्याची घोषणा केली. तिथे सरकारी खर्चाने स्टेडियम बांधून मिळणार होते. दुसऱ्याच दिवशी क्लीव्हलंडच्या मतदारांनी जुने स्टेडियम सुधारण्यासाठी दारू-सिगारेटवरचा कर चालू ठेवायला कौल दिला, पण करार होऊन गेला होता. शहराने खटला भरून संघाचे नाव, रंग आणि इतिहास राखला, आणि 1999 मध्ये त्याच नावाचा नवा संघ मिळवला. संघ गमावणाऱ्या शहराला तडजोडीत मिळालेली ही सर्वांत मोलाची गोष्ट म्हणावी लागेल.

भाडेकरार: सेंट लुईसचा धडा

सेंट लुईसने संघ नक्की होण्याआधीच बंदिस्त स्टेडियम बांधायला घेतले. त्याच्या रोख्यांपोटी राज्याने वर्षाला 1.2 कोटी, शहराने 60 लाख आणि काउंटीने (जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाने) 60 लाख डॉलर भरायचे होते. रॅम्सला आणण्याच्या घाईत 30 वर्षांच्या भाडेकरारात एक कलम मान्य केले गेले: 2005 आणि 2015 या दोन टप्प्यांवर स्टेडियम लीगमधल्या पहिल्या 25 टक्क्यांत बसले पाहिजे; न बसल्यास करार एकेका वर्षापुरता होईल आणि संघ जायला मोकळा होईल.

हे कलम पाळणे शहराच्या हातात नव्हतेच. 1995 नंतर देशभर नवी स्टेडियम उभी राहत गेली आणि सेंट लुईसचे स्टेडियम जागच्या जागी खाली घसरत गेले. 2012 मध्ये स्थानिक प्राधिकरणाने 12.4 कोटी डॉलरची सुधारणा सुचवली. संघाच्या आराखड्याचा खर्च सुमारे 70 कोटी निघाला. 2013 मध्ये लवादाने संघाची बाजू मान्य केली आणि शहराने एवढा खर्च नाकारला. जानेवारी 2014 मध्ये मालक स्टॅन क्रोंके यांनी लॉस एंजेलिसजवळच्या इंगलवूडमध्ये जमीन घेतली. 12 जानेवारी 2016 रोजी लीगमधल्या संघमालकांनी 30 विरुद्ध 2 मतांनी तिथे जायला परवानगी दिली. फोर्ब्सच्या अंदाजात संघाची किंमत 2015 मध्ये 145 कोटी डॉलर होती, ती वर्षभरात 290 कोटींवर गेली. संघ गेल्यावरही स्टेडियमच्या कर्जाचे हप्ते काही वर्षे चालूच राहिले.

सॅन फ्रान्सिस्को उपसागराकाठच्या ओकलंडचेही तसेच झाले. रेडर्सना 1995 मध्ये लॉस एंजेलिसहून परत आणताना स्टेडियम वाढवण्यासाठी सुमारे 20 कोटी डॉलरचे रोखे काढले गेले. आसन-परवान्यांच्या विक्रीतून हप्ते भागतील हा हिशेब चुकला, कारण परवाने अपेक्षेइतके खपलेच नाहीत. तूट शहर आणि काउंटीच्या तिजोरीतून भरली गेली, आणि संघ 2019 च्या हंगामानंतर गेल्यावरही ती भरावी लागली.

करपद्धतीचाही यात हात आहे. करमुक्त रोख्यांनी खासगी धंद्यांची मैदाने बांधली जाऊ नयेत म्हणून 1986 च्या करसुधारणा कायद्याने अट घातली: मुख्यतः खासगी वापर असलेल्या इमारतीच्या कर्जफेडीतला 10 टक्क्यांहून जास्त भाग त्या वापरातून येत असेल, तर रोखे करमुक्त नाहीत. परिणाम उलटा झाला. स्वस्त व्याजाचे रोखे हवे असतील तर शहराने संघाकडून जवळपास भाडे घ्यायचेच नाही आणि निदान 90 टक्के फेड सर्वसाधारण करांतून करायची, अशी रचना रूढ झाली.

परवानगी आणि शुल्क

स्थलांतराला 32 पैकी 24 मालकांची मते लागतात. रेडर्सचे अल डेव्हिस 1982 मध्ये परवानगीविना लॉस एंजेलिसला गेले आणि मक्तेदारीविरोधी कायद्याखालचा खटला जिंकले. त्यानंतर लीगने 1984 मध्ये लेखी निकष केले. संघाने आधीच्या शहराशी प्रामाणिकपणे वाटाघाटी केल्या का, प्रेक्षकांचा पाठिंबा किती, स्टेडियम पुरेसे आहे का, हे तपासायचे असते. दुसऱ्या शहरात जास्त उत्पन्न मिळेल एवढ्यावरून संघाला जाण्याचा हक्क मिळत नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. अर्ज 1 जानेवारी ते 15 फेब्रुवारी या काळात करायचा असतो.

हेच निकष पुढे लीगवर उलटले. ते आमच्याशी झालेला करारच आहेत आणि ते मोडले गेले, असा दावा सेंट लुईसने 2017 मध्ये लावला. नोव्हेंबर 2021 मध्ये लीग आणि रॅम्सने 79 कोटी डॉलरवर तडजोड केली. वकिलांचे शुल्क वजा जाता सुमारे 51 कोटी स्थानिक संस्थांच्या हाती आले.

जाणाऱ्या संघाला भरावे लागणारे स्थलांतर-शुल्क इतर संघांत वाटले जाते. त्यामागचा विचार असा की मोकळे शहर ही सगळ्या मालकांची सामायिक मालमत्ता आहे. तिथे नवा संघ विकला असता तर पैसा सगळ्यांना मिळाला असता. ह्यूस्टनचा ऑयलर्स संघ 1997 मध्ये टेनेसीला गेल्यावर त्या शहरातल्या नव्या संघासाठी 70 कोटी डॉलर मोजले गेले होते. रॅम्स आणि सॅन दिएगोचे चार्जर्स यांना लॉस एंजेलिससाठी प्रत्येकी 55 कोटींचे शुल्क पडले.

मोकळ्या शहराचा धाक

1995 ते 2015 असे 21 हंगाम लॉस एंजेलिसमध्ये एकही संघ नव्हता, आणि त्याने लीगचे काही बिघडले नाही. प्रसारणाचे करार वाढतच गेले, कारण तिथले लोक टीव्हीवर बाकीचे संघ पाहत होते. उलट, "नवे स्टेडियम द्या, नाहीतर लॉस एंजेलिसला जातो" हे वाक्य कित्येक शहरांतल्या वाटाघाटींत वापरता आले. मोकळी मोठी बाजारपेठ ही बाकीच्या मालकांसाठी, तिथे संघ असण्याइतकीच किंवा त्याहूनही जास्त कमाईची ठरली, हा या साऱ्या अर्थकारणाचा गाभा आहे.

सॅन दिएगोच्या मतदारांनी नोव्हेंबर 2016 मध्ये स्टेडियमसाठीची हॉटेल-करवाढ फेटाळली आणि चार्जर्स दोन महिन्यांत निघाले. नव्या शहरात ते आधी 27,000 आसनांच्या सॉकर (आपल्याकडचा फुटबॉल) मैदानात तीन हंगाम खेळले, मग 2020 मध्ये क्रोंके यांच्या सुमारे 500 कोटींच्या स्टेडियममध्ये वर्षाला 1 डॉलर भाड्याने भाडेकरू झाले. मोठी बाजारपेठ मिळाली, प्रेक्षक लगेच मिळाले नाहीत. अनेक घरच्या सामन्यांत पाहुण्यांचा जयघोष मोठा असे.

शहराचा हिशेब

स्टेडियममुळे रोजगार आणि धंदा वाढतो, हा दावा अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासांत फारसा टिकत नाही. स्थानिक कुटुंब सामन्यावर खर्च करते तो बहुतांशी सिनेमा, हॉटेल, सहल यांवरचा वळवलेला खर्च असतो. शिवाय फुटबॉल संघाचे घरचे सामने वर्षाला आठ-नऊ, सराव सामने धरून दहा. बास्केटबॉलचे 41 असतात. लास व्हेगासने 75 कोटी डॉलरसाठी हॉटेलच्या खोल्यांवर जास्तीत जास्त 0.88 टक्क्यांचा कर लावला. बोजा पर्यटकांवर आणि प्रेक्षकही बरेचसे बाहेरून येणारे, म्हणून ही रचना इतरांहून बरी. तरीही 2020 मध्ये महासाथीत हॉटेले ओस पडली तेव्हा हप्त्यासाठी राखीव निधीला हात लावावा लागला.

सॉकरमध्ये

युरोपात बढती-पदावनतीची पद्धत असल्याने मोठ्या शहरातला छोटा क्लब खेळून वर चढू शकतो. तिथे संघ आयात करावा लागत नाही आणि मोकळ्या शहराचा धाकही चालत नाही. इंग्लंडमधल्या विम्बल्डनचे उदाहरण म्हणूनच अपवादाचे. 1991 पासून स्वतःचे मैदान नसलेल्या या क्लबला 2002 मध्ये तिघांच्या आयोगाने 2-1 अशा मतांनी मिल्टन कीन्सला जाऊ दिले. समर्थकांनी पाठ फिरवून त्याच वर्षी एएफसी विम्बल्डन काढला, जुन्या क्लबची प्रेक्षकसंख्या कोसळली आणि 2003 मध्ये तो दिवाळखोरीच्या प्रशासनाखाली गेला. समर्थकांचा क्लब 2011 मध्ये व्यावसायिक लीगमध्ये पोहोचला आणि 2020 मध्ये प्लाउ लेनला, म्हणजे जुन्या मैदानाच्या परिसरात, परतला.

भारतातली इंडियन सुपर लीग मात्र फ्रँचायझींवर उभी आहे, म्हणून तिथे अमेरिकेसारख्याच हालचाली दिसतात. 2019 मध्ये दिल्ली डायनामोज राजधानी सोडून भुवनेश्वरला गेला आणि ओडिशा एफसी झाला. तिथे राज्य सरकारचा पाठिंबा आणि कलिंगा स्टेडियम होते. त्याच वर्षी बालेवाडीत खेळणारा एफसी पुणे सिटी बंद पडला आणि त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. 2025 मध्ये तो संघही हैदराबाद सोडून दिल्लीला गेला. पुण्याला त्यानंतर या लीगमध्ये संघ मिळालेला नाही.